कान पिकला की माझ्याकडे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या कानामागे वाकून बघत होते. दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, व्यवसाय आमच्या ह्यांचा, सोनाराचा. मी नुसते लोकांचे कान बघते. तर म्हणाले, मग कानांचंच लिहा. घरात मला सगळे ‘आता पुरे’ म्हणतात, आणि हा परका माणूस अडीच हजार शब्द मागत होता. नाही म्हणायला जीभ वळेना.

पेडण्याच्या बाजारात आमचं दुकान आहे. पुढे फळीवर दागिने, आत भट्टी, आणि मधल्या जनेलाजवळ, म्हणजे खिडकीजवळ, एक खुर्ची. ती खुर्ची माझी. पूर्वी तिथे सासूबाई बसत. बाळाला मामाच्या मांडीवर घ्यायचं, मुलगा असेल तर उजवा कान आधी, मुलगी असेल तर डावा, टोचल्याबरोबर तोंडात गूळ. सासूबाईंचा हात इतका हलका की पोर रडायचं ते गूळ संपल्यावर. तो हात त्यांनी मला दिला. आता माझी बोटं थोडी थरथरतात म्हणून बाळांचे कान टोचायचं काम मी मुलावर सोपवलंय. पण टोचून झाल्यावर कान बिघडला की लोक त्याच्याकडे जात नाहीत. शेटांची वयनी कुठं आहे, असं विचारत आत येतात.

टोचणं म्हणजे एका श्वासाचं काम. लोकांना वाटतं तिथेच सगळं संपलं, आता हौसेनं मिरवायचं. पण टोचलेला कान म्हणजे जखम. सोनं घातलं म्हणून ती जखम नव्हे असं होत नाही. त्या भोकाच्या आत नवीन कातडी धरायला लागते, आणि ती दोन्ही तोंडांकडून आत सरकत जाते. बाहेरून कान छान दिसतो आणि आत मध्यभागी अजून कच्चा असतो. खालची पाळी मऊ, ती त्यातल्या त्यात लवकर भरते. वरच्या हाडाचं भोक मात्र म्हैस पाण्यात बसावी तसं बसून राहतं. वर्ष घेतं, कधी जास्तही. त्याला घाई चालत नाही, आणि आपल्या लोकांना घाईशिवाय दुसरं काही येत नाही.

करायचं फार थोडं असतं. पाणी उकळायचं, त्यात चिमूटभर मीठ, निवलं की स्वच्छ कापूस भिजवून धरायचा, सुटलेली खपली टिपायची, कोरडं करायचं. आणि मग हात लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून लोकांचे चेहरे पडतात. रोज तार फिरवायची नाही का, तेल सोडायचं नाही का, हळद तरी? नाही. तार फिरवली की आतली नवी कातडी सोलते. हे मला आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट चित्र काढून समजावलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचं नि माझं जमलंय. पाळी थोडी चिघळली असेल तर त्या माझ्याकडे पाठवतात. वरचं हाड लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं तर मी मीठपाणीसुद्धा लावत नाही, गिऱ्हाइकाला सरळ त्यांच्या दारात नेऊन उभी करते.

माझे खरे वैरी म्हणजे नातेवाईक. एकदा एका तान्ह्या मुलीला घेऊन तिची आई आली. पोरीचा कान काजूच्या बोंडासारखा लालबुंद, आणि वास पुदिन्याचा. मला काही उमजेना. मग चौकशी केली तेव्हा कळलं, सकाळी आजीनं हळद लावली, दुपारी आत्यानं खोबरेल सोडलं, आणि संध्याकाळी बापानं मोबाईलवर बघून दात घासायची पेस्ट लावली. तिघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं. मी आईला विचारलं, तू काय लावलंस? ती बिचारी म्हणाली, ‘माका कोणी लावपाकच दिलां ना.’ त्या घरात तिच्याइतकं शहाणं कुणी नव्हतं, असं मी तिला मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं.

सुर्ल्याची एक बाई आठवते. खाणी परत सुरू झाल्या होत्या त्या सुमाराची गोष्ट. तिनं बुगडीसाठी वरचा कान टोचून घेतला होता. रुमालात बांधलेले लाल कापसाचे बोळे घेऊन ती आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली की रक्त थांबतच नाही, घरातले घाबरलेत. कान बघितला तर बरा होता. मग त्यातला एक बोळा मी वाटीभर पाण्यात टाकला. थोड्या वेळानं पाणी नितळ झालं आणि लाल गाळ तळाला बसला. तिचं घर ट्रकांच्या रस्त्याला लागून, उशी खिडकीखाली. रक्तबिक्त काही नव्हतं, खनिजाची धूळ होती. तिनं वाटीत बघितलं आणि म्हणाली, म्हणजे मी कानात खाण घेऊन फिरते म्हणायची. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचे हे भट्टीवरून उठून बघायला आले. उशी हलवली, कानावरून मऊ फडकं घ्यायला लागली, आणि पुढच्या चतुर्थीला बुगडी घालून दाखवायला आली.

पणजीला कॉलेजात जाणारी एक मुलगी होती. कानाला वरपासून खालपर्यंत भोकं, सगळी तिथल्या एका दुकानात बंदुकीनं मारलेली. ह्या बंदुकीवर माझा राग आहे, तो इथे काढून घेते. पाळीला ठीक, पण हाडाला ती दणका देते. बरं, मुलीनं काळजी घेतली होती म्हणते, तरी मोठी गाठ आलेली. बसमध्ये कुठल्या बाजूला बसतेस विचारलं, तर रोज खिडकीशी, डोकं काचेला टेकून झोपते, तेही त्याच कानावर; आणि जागी असेल तेव्हा फोनही त्याच कानाला. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे पाठवली, आणि म्हटलं, बाये, उद्यापासून दुसऱ्या बाजूच्या सीटवर बस. औषध त्यांचं आणि सीट माझी, असं दोघींनी मिळून ते प्रकरण निस्तरलं.

अशी माणसं पुष्कळ. हल्ली टोचायला लोक कमी येतात, मुली पार्लरमध्ये जातात, बाळांचेही कान दवाखान्यात टोचतात. सासूबाईंचा तो हात माझ्यानंतर कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. पण बिघडलेले कान येत राहतात, त्यामुळे माझी खुर्ची रिकामी नसते. त्या खुर्चीत बसलेल्यांपैकी मला सगळ्यात जास्त दमवलं ते हळर्णच्या गुरुदासनं.

तो पहिल्यांदा आला तो श्रावणात. चाळिशीकडे झुकलेला, शेतकामानं रापलेला माणूस. दुकानात बायका होत्या तोवर लहान मुलांचे वाळे बघत उभा राहिला. त्या गेल्यावर खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘वयनी, दोनूय कान टोचून जाय.’ पुरुष येतात ते एका कानात भिकबाळी घालायला. दोन्ही कान म्हटल्यावर मी त्याच्याकडे नीट बघितलं, तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं की तो दशावतारात स्त्री पार्ट करतो.

मग मला ओळख पटली. आमच्याकडच्या जत्रेत मी ह्याला राणी म्हणून, सीता म्हणून कितीदा बघितला होता, आणि ह्याच्यासारखं लुगडं आपल्याला का नेसता येत नाही म्हणून घरी चरफडले होते. कंपनीतले नट दिवसा शेती करतात, कुणी टेम्पो चालवतो, आणि दिवाळी झाली की पार उन्हाळा संपेपर्यंत गावोगावच्या जत्रांत नाचतात. गुरुदास इतकी वर्षं दाबाच्या कुड्या घालत होता, त्या कानाला चिमटा काढून बसतात. मागच्या सीझनला मेलेल्या मुलासाठी राणीचा विलाप ऐन रंगात असताना त्याच्या कानातली कुडी निसटली आणि टण्णकन् पायपेटीवर पडली. लोक हसले. कंपनीचा मालक दुसऱ्या दिवसापासून सावंतवाडीकडच्या एका नव्या नटाचं नाव घ्यायला लागला. त्याचे कान टोचलेले, केस ह्याच्याहून लांब, वय कमी.

पार्ट गेला तर उपाशी मरणार होता अशातला भाग नव्हता, शेत होतं. मी ते बोलूनही दाखवलं. त्यावर तो जे म्हणाला ते माझ्या मनात राहिलं: ‘वयनी, शेतात हांव एकटोच गुरुदास. थंय नाटकात उबो रवल्यार माका गाव बघता.’

मी त्याचे कान टोचले. शुद्ध सोन्याची बारीक तार घातली, नियम सांगितले, आणि गंमत म्हणजे त्यानं ते सगळे पाळले. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत इतका आज्ञाधारक कुणी नव्हता. दिवाळीपर्यंत दोन्ही पाळ्या कोरड्या, स्वच्छ. हलक्या कुड्या चालतील, प्रयोग झाला की लगेच काढून परत तार घाल, असं मी सांगितलं. तो माझ्या पाया पडून गेला.

जत्रा सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत तो परत आला. दोन्ही पाळ्या सुजलेल्या, मागच्या बाजूनं पू. मी डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी औषध दिलं, कान सुधारला. मध्ये काही दिवस नाटकं नव्हती, तेव्हा तर अगदी छान झाला. परत प्रयोग लागले, परत पू. असं किती वेळा झालं. मी कुड्या तपासल्या, त्या मीच दिलेल्या, सोन्याच्या. टोप धुवायला लावला. उशीचा अभ्रा बदलायला लावला. काय लावतोस म्हणून खोदून खोदून विचारलं, तर देवाची शपथ घेऊन म्हणाला, मीठपाण्याशिवाय कायच लावत ना. डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं होतं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं होतं.

शेवटी मी त्याला साफ सांगितलं. तुमच्या गावची जत्रा येईल, तोवर हे थांबलं नाही तर मी तारा काढणार आणि भोकं बुजू देणार. असं सारखं पिकत राहिलं तर पाळी फाटेल, गाठी येतील, आणि मग आयुष्यभर कानात काही घालता येणार नाही.  तो म्हणाला की मालकानं त्या नव्या नटाला तालमीला बोलावलंय, हा कान बुजला की तो राणी आणि हा पडदा धरणार. मला त्याची फार दया आली, पण दया येऊन कान बरा होत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हळर्णला एका घरी बारशाला जायचं होतं. बाळाचा कान मुलगा टोचणार होता, पण घरच्यांना मीही हवी होते, म्हणून मी सकाळच्या बसनं पुढे निघाले. गावात उतरले तर रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर एक माणूस बसलेला. अंगात बनियन, खाली पायजमा, आणि गळ्याच्या वर अर्धी राणी. एक गाल पांढराफेक, डोळ्यात काजळ, कपाळावर कुंकू. दुसरा गाल गुरुदासचा. शेजारी तेलाची बाटली. एका कळकट फडक्यावर खोबरेल ओतून तो डोळे मिटून तोंड पुसत होता, नाकाकडून कानाकडे, दोन्ही हातांनी, खसाखसा. आणि ते सगळं पांढरं, लाल, काळं तेल त्याच्या पाळीमागे जाऊन साठत होतं.

मी तिथेच उभी राहून त्याला हाक मारली. तो दचकून उठला.

“काय लावत ना म्हणत होतंस मरे तू?”

“लावत ना, वयनी. पुसतां,” तो म्हणाला.

अगदी खरं बोलत होता. लावणं वेगळं आणि पुसणं वेगळं, त्याच्या डोक्यात दोन्हींचा काही संबंधच नव्हता. इतक्या वर्षांत रंग पुसणं हे त्याला चप्पल काढण्यासारखं झालं होतं, ते कुणी सांगतं का? कंपनीतल्या सगळ्यांची एकच तेलाची बाटली, सगळ्यांचं एकच फडकं, आणि ती दोन्ही शेवटी ह्याच्याकडे. त्या भोकांतून रोज सकाळी अख्ख्या दशावताराचा रंग आत जात होता.

मी म्हटलं, असं रस्त्यावर बसून का? घर गावातच आहे ना, कोमट पाणी घे, आरसा घे, स्वच्छ कापडानं कान झाकून पूस. त्यानं मान खाली घातली. घरी रंग चालत नाही, म्हणाला. आईनं पहिल्या वर्षीच सांगितलंय, रंगवलेल्या तोंडानं अंगणात पाय टाकायचा नाही. म्हणून रात्रीचं नाटक संपल्यावर कंपनीचा टेम्पो त्याला मोरीपाशी सोडतो, तो तिथे घाईघाईत तोंड पुसतो आणि मग घरी जातो. आई कधी त्याच्या नाटकालाही आली नव्हती, गावच्या जत्रेतसुद्धा नाही.

माझा स्वभाव असा की दुसऱ्याच्या घरातलं भांडण दिसलं की मी पदर खोचते. आमचे हे ह्यावरून मला रोज ऐकवतात. मी त्याला म्हटलं, आहेस तसा उठ, आणि चल माझ्याबरोबर. तो नको नको म्हणत होता. मी त्याचा दंड धरला आणि त्या अर्ध्या राणीला घेऊन अंगणात गेले.

त्याची आई सोप्यावर बसून झाडूसाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत होती. किडकिडीत, ताठ म्हातारी. तिनं मान वर केली, मुलाचं तोंड बघितलं, आणि नजर परत हातातल्या कोयतीवर नेली. मी माझी ओळख सांगितली. पेडण्याच्या शेटांकडची, ह्याचे कान मी टोचलेत, ते पिकलेत, रंगामुळे पिकलेत, रंग घरात बसून उजेडात पुसायला हवा.

“रंगवलेलां तोंड माझ्या घरात नाका,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ह्याच सोप्यार लोक येऊन बसले गो बाये. चाय पियाले, खुशाल गजाली केल्यो. मागीर निरोप धाडलो, चेडो बायलेचां सोंग घेता, आमचां चेडू दिवचां ना. एकदां न्हय, चार खेपे. आतां ह्या सोप्यार तां तोंड हाडूं?”

चार ठिकाणी मुलाचं लग्न ह्या रंगापायी मोडलं होतं. दशावतार ही कला कशी थोर आहे वगैरे सांगणारी माणसं असतात. मी त्यातली नाही, आणि ते ऐकून तिच्या घरात सून आली नसती. म्हातारीचं दुःख खोटं नव्हतं. मी कानांची बाई, मी कानांपुरतं बोलले. म्हटलं, ठीक आहे मावशी, मग तारा मी आत्ताच काढते, रस्त्यावर पुसत राहिला तर पाळी कुजेल. आणि मी गुरुदासला पायरीवर बसवून त्याच्या कानावरचे केस मागे घेतले.

खरं सांगते, ती युक्ती नव्हती. मी तारा काढणारच होते. पण केस मागे गेले आणि म्हातारीनं कान बघितला. इतके दिवस तो डोक्याला टॉवेल गुंडाळून, नाहीतर मान वळवून घरात वावरत असणार. ती कोयती खाली ठेवून उठली, जवळ आली, आणि बोट न लावता त्या सुजलेल्या पाळीकडे बघत राहिली.

“ह्या इतक्या जाला आनी माका सांगूंक ना?” ती त्याला म्हणाली.

 ती आत गेली. मला वाटलं, संपलं. तर ती बाल्दीत ऊन पाणी, जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं आणि वाटीत खोबरेल घेऊन बाहेर आली आणि मला विचारलं, कशां पुसूं सांग.

मी दाखवलं. आधी कानांवर ओला कापूस दाबून ठेवायचा. मग फडक्याचं टोक तेलात बुडवून कानाकडून नाकाकडे, थोडं थोडं, दर वेळी स्वच्छ टोक घ्यायचं. रंग सगळा गेला की साबणाचं पाणी, मग सगळ्यात शेवटी कापूस काढून मीठपाणी. एवढंच. म्हातारीनं एकदा बघितलं आणि फडकं माझ्या हातातून घेतलं. मुलाची हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडे वळवलं. इतक्या वर्षांत ते तोंड तिनं पहिल्यांदाच इतकं जवळून बघितलं असेल. ती काजळ बघत होती, ओठ बघत होती, भुवया कशा उतरवल्यात ते बघत होती. 

“ह्या कुंकू कसां लायलंस?” ती म्हणाली. “एके कुशीक गेलां. राणयेचां कुंकू असां आसता?”

गुरुदासच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काजळ गालावर उतरलं.

“गप रव,” ती म्हणाली, “परत रंग व्हांवता.” आणि ते काजळ तिनं नाकाकडे पुसून घेतलं, मी शिकवलं होतं तसं.

मी बारशाला उशिरा पोहोचले. उशीर का झाला म्हणून मुलगा चिडला होता, त्याला मी काही सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर रडले असते.

पुढचं सोपं होतं. डॉक्टरीणबाईंच्या औषधाचं ह्या वेळी कानानं ऐकलं. टेम्पो आता मोरीपाशी न थांबता घराच्या अंगणापर्यंत जायचा. गावच्या जत्रेत राणी गुरुदासनंच केली, हलक्या कुड्या घालून, आणि त्या शेवटपर्यंत जागेवर राहिल्या. नवा नट पुढे दुसऱ्या कंपनीत गेला, तिथे त्याचं चांगलं चाललंय असं ऐकते, चांगलं आहे. आई मात्र जत्रेतही नाटकाला आली नव्हती. सकाळी पाणी तापवून सोप्यावर वाट बघत बसते, रंग पुसते, कुंकवाला नावं ठेवते आणि हीर सोलायला जाते, असं गुरुदास सांगायचा. तेवढ्यावर तो खूश होता. मीही म्हटलं, एवढं पुष्कळ झालं.

सीझन संपला. पावसाळा तोंडावर आला होता, तेव्हा एका दुपारी म्हातारी एकटी बसनं आमच्या दुकानात आली. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. तिनं कमरेची पिशवी सोडून जुन्या रेशमी चिंधीतली एक पुडी माझ्या हातावर ठेवली. आत मोत्यांच्या कुड्या होत्या, जुन्या घडणीच्या, हल्ली असं काम कुणी करत नाही. दांड्या चांगल्या जाड होत्या. त्या बारीक करून हव्यात, म्हणाली.

कोणासाठी म्हणून मी विचारलं नसतं, पण दांडी किती बारीक करायची ते कळायला कान माहीत असावा लागतो. म्हणून विचारलं.

“सुनेक म्हणान दवरलेली,” ती म्हणाली. “सून काय येवक ना. घरात एक राणी आसा, ती घालूं दी.”

 आमचे हे भट्टीवरचं काम थांबवून आतून बघत होते. मी कुड्या हातात तोलल्या, त्या जडच होत्या. मी तिला सांगितलं की कान अजून आतून कच्चा आहे, इतकं वजन आत्ता नको, हा पावसाळा जाऊ दे, दिवाळीनंतर घालू दे.

“जांव दी पावस,” म्हातारी उठत म्हणाली. “पयल्या नाटकाक हांव मुखार, सगळ्यांच्या फुडें बसतलंय. तेव्हां घाल म्हणान सांगतलंय तेका.”